डिजिटल ह्युमॅनिटीजला मराठीत काय म्हणावं?

धुळ्याच्या एका प्राध्यापक मॅडमनी विचारलंय : "जळगाव, धुळे, नंदुरबारमधले आम्ही काही शिक्षक डिजिटल ह्युमॅनिटीजच्या संशोधन-अध्यापनासाठी एकत्र येतोय. इंग्रजी नावात 'रीजनल कम्युनिटी' आहे. मराठी पाटीसाठी 'अंकीय मानवता प्रादेशिक समुदाय' कसं वाटतं?"

मॅडम, पाटी रंगवायला दिली असेल तर पेंटरला आधी फोन करा. (इतर वाचकांसाठी : डिजिटल ह्युमॅनिटीज म्हणजे भाषा, साहित्य, इतिहास यांचा संगणकाच्या मदतीने केलेला अभ्यास.)

मानवता म्हणजे माणुसकी. ही पाटी वाचून लोक तुमच्याकडे जुने कपडे आणि ब्लँकेटं आणून देतील. भाषा, साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान अशा अभ्यासाला मराठीत 'मानव्यविद्या' हा शब्द आहे, आणि तो विद्यापीठांत रुळलेला आहे. एकवचन-अनेकवचन सारखंच, हीसुद्धा सोयच. हिंदीतली 'मानविकी' उसनी आणायची गरज नाही.

'अंकीय' शासकीय मराठीत चालतो, पण आपल्या 'अंक'वर आधीच बरीच ओझी आहेत : आकडा, नाटकाचा अंक, दिवाळी अंक, शिवाय मांडी. 'अंकीय संग्रह' म्हटलं की मला तरी दिवाळी अंकांची रद्दी दिसते. डिजिटल हा शब्द भाजीवाल्यालाही कळतो, तो तसाच ठेवा. तसाही 'डिजिट' म्हणजे मुळात लॅटिनमधलं बोट. आकडे बोटांवर मोजायचे, म्हणून आकड्यालाही तेच नाव पडलं.

कुणी 'संगणकीय मानव्यविद्या' सुचवेल. ते चूक नाही. बुसा नावाच्या इटालियन पाद्र्याने 1949 मध्ये आयबीएम या संगणक कंपनीच्या मदतीने थॉमस अक्वायनस या मध्ययुगीन तत्त्वज्ञाच्या लेखनाची शब्दसूची करायला घेतली, तिथपासून या अभ्यासाची गोष्ट सांगतात. इंग्रजीतही तेव्हा 'ह्युमॅनिटीज कम्प्युटिंग' म्हणत. आजचं नाव 2004 च्या सुमारास पक्कं झालं. पण आता त्यात नकाशे, ध्वनिमुद्रणं, वर्गातलं शिकवणं असं बरंच आलंय. संगणकीय तोकडा पडतो.

आणि हे म्हणजे जुनी पोथी स्कॅन करून ठेवणं नव्हे. ते झालं डिजिटलीकरण. फरक कळावा म्हणून माझीच फजिती सांगतो. अहिराणीत, म्हणजे खानदेशातल्या बोलीत, 'काय करी ऱ्हायना?' म्हणतात, म्हणजे 'काय करतो आहेस?' मी गोळा केलेल्या मजकुरात 'ऱ्हायना' शोधला तर निम्मीच वाक्यं हाती लागली. बाकीची समोर दिसत होती, पण शोधात येईनात. कारण असं की काहींनी 'ऱ' हे वेगळं अक्षर घेऊन शब्द टंकला होता, तर काहींनी साध्या 'र'ला न दिसणारं जोडचिन्ह लावून 'र्‍हायना' काढला होता. डोळ्यांना एकच, संगणकाला दोन शब्द. वर कुणी 'राहिना' लिहिलं होतं ते वेगळंच. यातलं प्रमाण रूप कोणतं, की तिन्ही जपायची, हे ठरवायला बोली कळावी लागते आणि यंत्राची खोडही. तुमची विद्या इथे सुरू होते.

आता 'कम्युनिटी'. खरी अडचण इथे आहे. 'समाज' म्हटलं की आपल्याकडे दुसरा प्रश्न 'कुठला?' असा येतो, म्हणून तो नको. 'समुदाय' सरकारी परिपत्रकातला वाटतो. 'मंडळ' बरा, आणि धुळ्यात त्याला वजनही आहे. इतिहासाचार्य राजवाडे 1926 मध्ये तिथेच वारले आणि त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही त्यांचं दफ्तर सांभाळतंय. पण मंडळ आलं की अध्यक्ष, सचिव आणि खुर्च्या येतात.

मी 'सावड' सुचवेन. एका बैलाचा शेतकरी दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी सावड करतो, तेव्हा जोडी होते. आज तुझं रान, उद्या माझं. तुमच्यातही एकाकडे लेवा गणबोलीतल्या ओव्यांच्या कॅसेटी असतील आणि दुसऱ्याला प्रोग्रॅमिंग येत असेल. एकट्याचं औत चालणार नाही. अस्थी 'सावडणं' आठवून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. देशपातळीवरच्या अभ्यासकांनीही इंग्रजी नावाची आद्याक्षरं जुळवून आपल्या संघटनेचं 'धरती' केलंच आहे, मग मातीतलं नाव तुम्हालाही शोभेल.

'प्रादेशिक' काढून टाका, त्याला आरटीओचा वास येतो. सरळ 'खानदेश' लिहा. मात्र कुठला खानदेश हे आपसांत ठरवून ठेवा. 1906 मध्ये त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच पुढे जळगाव आणि धुळे. नंदुरबार 1998 मध्ये वेगळा निघाला. बऱ्हाणपूर तर खानदेशच्या फारुकी सुलतानांची राजधानी, आज मध्य प्रदेशात. जुन्या कागदावरचं गाव कुठल्या रकान्यात टाकायचं, यावर तुमची पहिली भांडणं होतील.

तर 'खानदेश डिजिटल मानव्यविद्या सावड', आणि खाली बारीक अक्षरात 'संशोधन आणि अध्यापन'. खानदेश की खान्देश? दोन्ही चालतात. पाटीवर एकच लिहा, शोधताना मात्र दोन्ही टाका.