सोलापूरहून प्रश्न: काका झोपेच्या गोळीवर दोन पेग घेतात, सकाळी काहीच आठवत नाही. असं का होतं?

दोन्हींचा मारा मेंदूत एकाच ठिकाणी बसतो. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम या गोळ्या मेंदूला शांत करणाऱ्या ‘गाबा’ यंत्रणेचा जोर वाढवतात. दारूही तेच करते. मग लक्ष लागत नाही, हातपाय उशिरा हलतात, नवीन आठवण साठतच नाही. काकांनी होटगी रोडच्या ढाब्यावर गप्पा मारल्या, बिलही दिलं, पण सकाळी पाटी कोरी, ते यामुळेच. वर माणसाला स्वतःला ‘मी ठीक आहे’ असंच वाटतं! डायझेपाम तर दुसऱ्या दिवशीही अंगात असते, म्हणजे सकाळी यंत्रमागावर उभं राहणंही धोक्याचं.

श्वास मंदावला, हाकेला ओ देत नसतील, तर कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन लावा. रोजची गोळी मात्र परस्पर बंद करू नका, फिट येऊ शकते. डॉक्टरांना दारूचा खरा आकडा सांगून मगच ठरवा.