परीक्षा कोण घेणार?

ठाणे

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

‘वर्ण जन्मावरून नव्हे, गुणकर्मावरून ठरवावा’ या विषयावर सोसायटीच्या गणेशोत्सवात बोलणार आहेस, ही चांगली गोष्ट. टिपण वाचलं. तळमळ खरी आहे, पण मोबाइलवर फिरणारे श्लोक जसेच्या तसे उचललेस, आणि त्यातले दोन तुला भर सभेत तोंडघशी पाडतील. आधी ते बघू.

‘जन्मना जायते शूद्रः’ (जन्माने प्रत्येक जण शूद्रच असतो) हे वचन तू मनुस्मृतीच्या नावावर घातलंस. मनुस्मृतीत ते नाही. काढून टाक. ‘शूद्रो ब्राह्मणतामेति’ (शूद्र ब्राह्मण होतो) मात्र तिथे आहे, दहाव्या अध्यायात, ६५वा श्लोक. पण तो एकटा वाचायचा नसतो. आधीच्या ६४व्या श्लोकात ब्राह्मण पुरुष आणि शूद्र स्त्री यांच्या संततीचा विषय चालू आहे. त्या वंशाचे संबंध पिढ्यान्‌पिढ्या वरच्या वर्णाशीच होत गेले, तर सातव्या पिढीत तो वर चढतो, असं ते गणित आहे. म्हणजे शिडी रक्ताचीच, कर्तृत्वाची नाही. आणि त्याच अध्यायाच्या ९६व्या श्लोकात, खालच्या जातीचा माणूस लोभाने वरच्यांच्या कामावर जगू लागला तर राजाने त्याचं धन काढून घेऊन त्याला तडक हद्दपार करावं, असं सांगितलंय. श्रोत्यांतून कुणी एवढा एक श्लोक वाचून दाखवला की तुझं भाषण तिथेच संपलं. कुठलाही श्लोक घेताना मागचे दोन आणि पुढचे दोन वाचायचे, कोण कुणाला सांगतोय ते समासात लिहायचं. ही सवय आत्ताच लाव.

गीतेतलं ‘गुणकर्मविभागशः’, म्हणजे गुण आणि कर्म यांच्या विभागणीनुसार (४.१३), हा तुझा सगळ्यात भक्कम आधार. पण तो १८व्या अध्यायातल्या ४१ ते ४७ या श्लोकांबरोबर वाच. तिथे कर्मं ‘स्वभावातून उपजलेल्या’ गुणांनी वाटलेली आहेत. हा स्वभाव आला कुठून? शंकराचार्यांच्या भाष्यात त्याचा एक अर्थ पूर्वजन्मीचे संस्कार असा दिलाय. म्हणजे पुढच्या दाराने बाहेर काढलेला जन्म मागच्या दाराने पुन्हा घरात.

तुझ्या बाजूचा खरा ऐवज तू घेतलाच नाहीस. ऋग्वेदाच्या नवव्या मंडलातलं ११२वं सूक्त बघ: मी कवी, बाप वैद्य, आई दगडावर धान्य दळणारी. एका घरात तीन कामं, आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. महाभारताच्या वनपर्वात अजगर झालेला नहुष राजा युधिष्ठिराला विचारतो, ब्राह्मण कोण? युधिष्ठिर सत्य, दान, क्षमा, शील अशी लक्षणं सांगतो, आणि पुढे म्हणतो की माणसांत इतका संकर, म्हणजे जातींची सरमिसळ, झालाय की जात तपासणंच अवघड आहे. हे जरूर वाच.

आता माझं मत सांगतो. तुझा विषयच मला अर्धवट वाटतो. गुणावरून वर्ण ठरवायचा, तर परीक्षा घेणार कोण? कोणत्या वयात? नापास झालेला मोठ्या घरातला मुलगा खाली उतरायला तयार होईल? डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली, लाहोरला होऊ न शकलेल्या आणि मग छापून काढलेल्या भाषणात, नेमकं यावरच बोट ठेवलं: जुनीच नावं ठेवलीत तर त्यांना चिकटलेली जन्माची भावना जाणार नाही, आणि असं वर्गीकरण टिकवायला दंडाची सत्ता लागेल. उदाहरण हवं तर रायगडच बघ. पंचवीस-तीस वर्षं राज्य उभारून, लढून, प्रजा सांभाळून झाल्यावरही १६७४ च्या राज्याभिषेकाआधी शिवाजी महाराजांचं क्षत्रियत्व सिद्ध करायला वंशावळ पुढे करावी लागली, मुंज करावी लागली. क्षत्रियाचं कर्म याहून अधिक कुणी केलं असतं? आणि तरी १८९९ मध्ये कोल्हापुरात शाहू महाराजांना वेदोक्त, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घेण्याचा हक्क, नाकारलंच गेलं.

म्हणून, माणसाचा वर्ण ठरवूच नये. त्याचं काम ठरावं, तेही आजच्यापुरतं. चेंदणी कोळीवाड्यातल्या कोळणीकडे जरा थांबून बघ. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, हे तिला तोंडपाठ. कल्ला उघडून ताजेपणा दाखवते, भाव करते, वाटे लावते, बसायच्या जागेसाठी भांडते, खवले काढून मासळी साफ करून देते. ज्ञान, व्यापार, रक्षण, सेवा, सगळं एका सकाळीत. तिला तू कुठल्या खणात टाकशील?

तुझा दुसरा प्रश्न, जांभळी नाक्याचं दुकान की वागळे इस्टेटमधलं यंत्रदुरुस्तीचं काम, यातलं काय निवडू, यालाही हेच लागू. दोन्ही कामांचे आठ-दहा तुकडे कर: उधारी वसूल करणं, माल मोजून घेणं, मोटर उघडणं, बेअरिंग बदलणं. तीन महिने दोन्हीकडे हात घाल आणि रोज रात्री वहीत लिही: न सांगता काय केलं, कोणती चूक पुन्हा झाली, घरचं नसलेल्या कुणी तेच काम परत विश्वासाने दिलं का. इथे दोन ठिकाणी फसगत होते. सहाव्या वर्षापासून गल्ल्यावर बसलेल्या मुलाचा तोंडी हिशोब हा सराव असतो, घरचे त्यालाच उपजत गुण म्हणतात. आणि नव्या कामातला पहिल्या महिन्याचा अडाणीपणा म्हणजे नालायकी नव्हे. शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, बेअरिंग घट्ट बसवताना जोर आतल्या रिंगवर यायला हवा. बाहेरच्या रिंगवर ठोकलंस तर धक्का गोळ्यांमधून जातो, खाचा पडतात, आणि मोटर थोड्याच दिवसांत घरघरू लागते. परीक्षक असा असावा: काम स्वतःच चूक दाखवतं, जन्म विचारत नाही.

सभेत कुणीतरी विचारेलच, मग आरक्षण जन्मावरून का? शांतपणे सांग: जातीच्या दाखल्यावर जात असते, वर्ण नसतो. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांआधीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. जन्मावरून झालेल्या अन्यायाची ती नोंद आहे. काय काम करायचं, हे तो दाखला सांगत नाही. ते स्वातंत्र्य संविधानाच्या १९व्या अनुच्छेदात आहे.

आणि एक प्रश्न तू स्वतः विचार: गटारात कोण उतरतं? हाताने मैला साफ करवून घेण्याविरुद्ध २०१३ चा कायदा आहे, तरी उतरणाऱ्यांची घरं बघितलीस तर ते काम आजही कशावरून वाटलं जातं ते कळेल. गुणकर्माचं बोलणाऱ्या कुणालाही याचं उत्तर द्यावंच लागेल.

मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून ठाण्यातच आहे. तिथे मनुस्मृतीची भाषांतरासह प्रत मागून बघ, दहावा अध्याय ६० ते १०० सलग वाच. मग टिपण नव्याने लिही आणि पाठव. प्रत्येक श्लोकाशेजारी अध्याय आणि क्रमांक हवा.

तुझा
काका