शिकवणाऱ्या व्हिडिओला पार्श्वसंगीत असावे का?

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका शाळेत चित्रकला शिकवते आणि क्रिटा या मोफत सॉफ्टवेअरवर डिजिटल चित्र कसे काढावे, याचे मराठी व्हिडिओ घरीच तयार करून यूट्यूबवर टाकते. संगीत नसल्यामुळे ते कोरडे वाटतात, असे काही प्रेक्षक कळवतात, तर काहींना संगीत मुळीच नको असते. मी काय करावे? जुन्या अभंगाची धून वापरली तर चालेल का?

उत्तर : जिथे तुम्ही बोलून शिकवता, तिथे संगीत घालू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. शिकणारा माणूस असा व्हिडिओ सलग पाहत नाही. समजा, तुम्ही झाडाखालची सावली रंगवताना सांगता, ‘नवा लेअर घ्या आणि त्याचा मोड नॉर्मलवरून मल्टिप्लाय करा.’ चित्राचा नवा थर आणि त्याची रंग मिसळण्याची पद्धत यांविषयीचे हे एक वाक्य एखादी मुलगी चार वेळा मागे नेऊन ऐकते, मध्येच थांबवून स्वतः करून पाहते, कधी व्हिडिओची गती निम्मी करते. त्या प्रत्येक वेळी धुनेचा तोच तुकडा भलत्याच ठिकाणी तुटतो आणि मोबाईलच्या लहानशा स्पीकरमधून तुमचे शब्द त्यात बुडून जातात. ज्यांना कमी ऐकू येते, त्यांची अडचण याहून मोठी असते. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून ठरवलेल्या आंतरराष्ट्रीय निकषांच्या सर्वांत वरच्या पातळीत, बोलण्यामागचा आवाज बोलण्यापेक्षा निदान २० डेसिबलने कमी असावा, असे म्हटले आहे. इतके हळू संगीत जेमतेमच ऐकू येते. मग ते नसलेलेच बरे.

कोरडेपणाची तक्रार मात्र मनावर घ्या. पुष्कळदा तिचे मूळ पंख्याच्या घरघरीत किंवा रिकाम्या खोलीत घुमणाऱ्या आवाजात असते. पंखा बंद करून, जाड पडदे किंवा गोधड्या असलेल्या खोलीत, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवून एकदा बोलून पाहा. बोलणे थांबते तेव्हा टॅबलेटवर घासणाऱ्या स्टायलसचा आवाज राहू द्या, कारण रेघ झरझर ओढली की सावकाश, हे त्यावरून कानालाही कळते. संगीताची खरी जागा टाइमलॅप्समध्ये, म्हणजे लांबलचक काम भरभर पळवून दाखवणाऱ्या भागात आहे. क्रिटाच्या ५.० आवृत्तीपासून चित्र घडत असताना त्याचे रेकॉर्डिंग करण्याची सोय त्यातच आहे, आणि दोन तासांचे काम दोन मिनिटांत दाखवताना बोलण्यासारखे काही उरत नाही. तिथे संगीत अवश्य घाला.

आता अभंगाविषयी. तुकोबांचे शब्द सर्वांचे आहेत, पण त्यांना अलीकडच्या काळात कोणी लावलेली चाल आणि तिचे ध्वनिमुद्रण यांवर स्वतंत्र हक्क असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चालीवरचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, तर ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षे टिकतो, आणि ही मुदत पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजतात. ‘दहा सेकंद घेतले तर चालतात’ असे अनेक जण खात्रीने सांगतात, पण तशी सवलत कायद्यात कुठेही नाही. यूट्यूबची कंटेंट आयडी यंत्रणा असे तुकडे ओळखते, आणि मग व्हिडिओचे उत्पन्न हक्कधारकाकडे जाऊ शकते किंवा व्हिडिओ दिसेनासाही होऊ शकतो. भजनी मंडळांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पारंपरिक चाल तुमच्या शाळेतील संगीत शिक्षकांकडून पेटीवर वाजवून घेतली आणि त्यांची लेखी संमती घेतली, तर ते मला सर्वांत आवडेल. ते जमले नाही, तर यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीतील धून घ्या. मात्र काहींसाठी रचनाकाराचे नाव व्हिडिओखालील वर्णनात द्यावे लागते, तेवढे तपासा.

संकलन करताना संगीत वेगळ्या ट्रॅकवर ठेवा आणि बिनसंगीताची एक प्रत जपून ठेवा, कारण एकदा चढवलेल्या व्हिडिओच्या जागी त्याच दुव्यावर नवी फाइल ठेवता येत नाही.