राजीनाम्यावर सही करण्याआधी

"टार्गेट झालं नाही तर राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकू, असं साहेब म्हणतात. काय करू?" हा प्रश्न घेऊन येणाऱ्यांना मी आधी एकच विचारते: सही केलीत का? केली नसेल, तर बरंच काही हातात आहे.

औषध कंपनीत एमआर (डॉक्टरांकडे जाऊन औषधांची माहिती देणारे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह) असलेले एक गृहस्थ पत्नीसोबत आले होते. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) झोप उडाली होती, साहेबांचा फोन वाजला की छातीत धडधडायचं. त्यांच्याकडचे दोन मोठे स्टॉकिस्ट (घाऊक औषध विक्रेते) काढून दुसऱ्याला दिले होते आणि टार्गेट मात्र दीडपट केलं होतं. मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत "स्वतःहून जा, अनुभवाचं पत्र चांगलं देऊ" असं ऐकवलं होतं. राजीनाम्याचा मजकूर मोबाइलमध्ये टाइप करून ठेवलेला. "मीच कमी पडलो ना, मॅडम?"

त्यांना मी कागद दिला आणि टार्गेट, प्रत्यक्ष विक्री, स्टॉकिस्ट असं महिन्यामहिन्याचं लिहायला सांगितलं. लिहिता लिहिता ते थांबले. स्टॉकिस्ट गेले त्याच महिन्यात आकडा घसरला होता. अपराधीपणाचं ओझं तिथेच थोडं हलकं झालं, आणि तोच कागद पुढे पुरावा म्हणून कामी आला.

कायदा टार्गेटचा आकडा ठरवत नाही. त्या आकड्यावरून माणसाला घरी कसं पाठवायचं, यावर मात्र बंधनं घालतो. ही बंधनं 'कामगारा'साठी आहेत, आणि विक्री करणारा 'कामगार' ठरतो का, हा जुना वाद. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये एमआर हे औद्योगिक विवाद कायद्याच्या मूळ व्याख्येत बसत नाहीत असं म्हटलं. पण विक्री संवर्धन कर्मचाऱ्यांसाठीच्या १९७६ च्या कायद्याने त्यांना संरक्षण दिलं. औद्योगिक विवाद कायद्याच्या जागी २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ते कामगारांत धरले आहेत. वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगाराला काम कमी पडतं म्हणून काढायचं तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. गैरवर्तनाचा ठपका ठेवायचा तर चौकशी हवी.

स्वखुशीने राजीनामा दिला की यातलं बहुतेक हातचं जातं. जबरदस्तीने घेतला हे पुढे सिद्ध करता येतं, पण ते फार अवघड.

म्हणून त्यांनी एचआरला साधी मेल केली: स्टॉकिस्ट कमी झाले आहेत, टार्गेट कशाच्या आधारे वाढवलं ते कळवावं, मी राजीनामा देऊ इच्छित नाही. भांडण नाही, आरोप नाही. पुढे कंपनीने काढलंच. त्यांनी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज केला आणि समेट अधिकाऱ्यांसमोर तडजोड झाली. नोटीस पे, भरपाई, अडकलेला इन्सेंटिव्ह मिळाला. नोकरी परत मिळाली नाही, आणि त्यांना ती नकोच होती.

व्हिजिटिंग कार्डावर 'मॅनेजर' छापलंय म्हणून मागे हटू नका. न्यायालय प्रत्यक्ष काम बघतं. खरोखर व्यवस्थापकीय काम असेल तर मात्र नेमणूकपत्रातल्या अटी आणि दिवाणी दावा, एवढाच मार्ग उरतो, आणि तिथे पैसे मिळू शकतात, खुर्ची सहसा नाही.

वकिलाच्या खर्चाची धास्ती असेल तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या हेल्पलाइनवर विचारा. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींतल्यांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.