उरलेल्या नऊ भागांचं काय?

प्रिय,

प्रभूच्या नावात सलाम.

पहिला पगार झाल्यावर तू विचारलंस, दशांश, म्हणजे देवासाठी द्यायचा दहावा हिस्सा, पूर्ण पगारावर काढायचा की कर वगैरे कापून हातात येणाऱ्या रकमेवर? याचा नियम बायबलच्या नव्या करारात सापडणार नाही. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला एवढंच लिहितो की ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, कुरकुरत किंवा भाग पडलं म्हणून देऊ नये. तेव्हा ठरव, दे आणि त्या प्रश्नातून मोकळं हो. मला चिंता आहे ती उरलेल्या नऊ भागांची. एक देवाचा, नऊ माझे, अशी वाटणी डोक्यात नकळत बसते. चोविसावं स्तोत्र तर पृथ्वी आणि तिच्यातलं सारं परमेश्वराचं आहे म्हणतं. आपण कारभारी. हिशेब दहाही भागांचा द्यायचा असतो.

आणि हिशेब म्हणजे खरोखरच हिशेब. खर्च रोज लिहून ठेव. बुरूज बांधणारा आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो, असं येशू लूकच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात म्हणतो. (तिथे विषय शिष्यत्वाचा आहे, मान्य, पण व्यवहारातली ही अक्कल ऐकणाऱ्यांना असणारच, हे त्याने गृहीत धरलंय.) कर्जाबद्दल नीतिसूत्रांच्या बाविसाव्या अध्यायातलं सातवं वचन वाच. ऋणको धनकोचा दास होतो. हप्त्यावर काही घेण्याआधी ते आठवलं तरी पुरे.

पैसा आला कुठून, हेही पाहावं लागतं. अन्यायाने घेतलेलं परत करताना मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा द्यावा, असं जुन्या करारातल्या गणना या पुस्तकात सांगितलंय. जक्कय नावाच्या जकातदाराने येशूपुढे, फसवून घेतलेलं चौपट परत करायचं कबूल केलं, शिवाय अर्धी मालमत्ता गरिबांना. फसवून मिळवायचं आणि त्यातून दान करायचं, हा मार्ग त्याने धरला नाही.

आता मंदिराच्या दानपेटीत जवळचं सारं टाकणाऱ्या गरीब विधवेच्या दोन नाण्यांबद्दल. दानाच्या प्रवचनात ही गोष्ट हमखास येते, पण मार्कचा बारावा अध्याय जरा मागून वाच. तिच्या अगदी आधी येशू विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना धारेवर धरतो. तिच्या भक्तीला तोड नाही, पण ती गोष्ट सांगून गरिबाकडून शेवटचा पैसा काढून घेणारा माणूस कोणाच्या रांगेत बसतो, ते बघ. ‘इतकं द्या, देव दुप्पट देईल’ हेही मला पटत नाही. तो सौदा झाला.

मंडळीला देताना हिशेब मागायला संकोचू नकोस, तो अविश्वास नव्हे. यरुशलेमेतल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी नेताना पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला. कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये, असं तो स्वतःच लिहितो. प्रेषिताला हे आवश्यक वाटलं, मग आपल्या खजिनदाराला राग का यावा?

बचत जरूर कर. लूकच्या बाराव्या अध्यायातल्या दृष्टांतात देव ज्याला मूर्ख म्हणतो, तो धनवान कोठारं बांधतो म्हणून मूर्ख ठरत नाही. त्याचं बोलणं ऐक: माझं पीक, माझी कोठारं, माझा माल. दुसरं माणूसच नाही त्यात.

तुझ्या बोलण्यात आईवडिलांचा उल्लेख आला नाही, म्हणून शेवटी हे लिहितो. जे आईबापांना द्यायचं ते ‘कुर्बान’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने ढोंगी म्हटलंय. घरी किती द्यायचं, ते या आठवड्यातच त्यांच्याशी बोल. दशांशाचा आकडा नंतर काढू.

तुझा,
काका