सोलापुरात राहून सागरी विज्ञान शिकता येईल का?

बारावी सायन्सनंतर सोलापुरातच राहून सागरी विज्ञान शिकायचं, असं विचारलंयस. पदवीपुरतं निम्मं जमेल. इथल्या कॉलेजात प्राणिशास्त्र, रसायन किंवा भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. कर आणि एम.एस्सी.ला गोवा विद्यापीठ किंवा कोचीनचं विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठ (कुसाट) गाठ. समुद्रविज्ञान म्हणजे नुसते मासे नव्हेत. लाटा, प्रवाह, पाण्याची क्षारता, तळाचा गाळ हेही त्यातच येतं, म्हणून गणित टाकू नकोस. पुढे संशोधन करायचं तर १९६६ साली सुरू झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात आहेच.

माशांतच रस असेल तर वाट वेगळी. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे चार वर्षांची बी.एफ.एस्सी. म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी मिळते, त्यासाठी बारावीला जीवशास्त्र हवं आणि सीईटी द्यावी लागते. लातूर जिल्ह्यात उदगीरलाही असं कॉलेज आहे, समुद्र नसला तरी! गोड्या पाण्यातली मासेमारी बघायची तर आपलं उजनी धरण आहे. त्याच्या काठच्या भिगवणच्या मासळी बाजाराला एकदा पहाटे जाऊन ये, वासाने पळालास तर शाखा बदलायला अजून वेळ आहे.