शाफ्ट्सबरी समजून घ्यायचं असेल तर आधी पाण्याचा माग काढा

इंग्लंडच्या डॉर्सेट परगण्यातलं हे गाव पहिल्यांदा अभ्यासताना बहुतेक जण थेट गोल्ड हिलच्या फरसबंदी उतारावर जातात, फोटो काढतात आणि परततात. तुम्ही आधी १:२५,००० चा नकाशा उघडा. त्यावर ४ सेंटीमीटर म्हणजे १ किलोमीटर. गावाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला समोच्च रेषा (सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या) एकमेकींना खेटून आहेत, तोच कडा. गाव समुद्रसपाटीपासून २०० मीटरहून थोडं वर, खाली ब्लॅकमोर व्हेल नावाचं खोरं.

खडक चुनखडीचा समजू नका, ती चूक हमखास होते. हा ग्रीनसँड, म्हणजे हिरवट वालुकाश्म आहे. गोल्ड हिललगतच्या जुन्या ख्रिस्ती मठाच्या भिंतीचा दगड अगदी जवळून बघा: राखाडी-हिरवट, ग्लॉकोनाइट या हिरव्या खनिजाच्या बारीक कणांमुळे. या वालुकाश्मातून पाणी झिरपतं, खालच्या चिकणमातीवर अडतं आणि डोंगराच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर येतं. म्हणून माथा कोरडा. शत्रूपासून बचावाला उत्तम जागा, पण पिण्याचं पाणी मात्र शतकानुशतकं पायथ्याच्या एनमोर ग्रीन वस्तीतून चढवून आणावं लागे.

बचावाचं महत्त्व नवव्या शतकातल्या राजा आल्फ्रेडने ओळखलं. त्याने इथे तटबंदीचं गाव वसवलं, ८८८च्या सुमारास जोगिणींचा मठ स्थापला आणि मुलगी एथेलगिफूला मठप्रमुख केलं. इंग्लंडचा राजा कनूट १०३५ मध्ये इथेच वारला. मठ १५३९ मध्ये बंद झाला, दगड लोकांनी नेले. तिथे उंच कमानी शोधू नका, पायाच्याच रेषा दिसतील. उतारावर पावसात चांगल्या पकडीचे बूट घाला, दगड फार निसरडे होतात.